नक्कल उतरवणारे हात

नाशिकला रामकुंडावर कोणी अस्थी घेऊन आले, की तीर्थोपाध्याय आधी मूळ गाव विचारतात, मग आडनाव. सध्या राहता कुठे, याला तिथे फारसे महत्त्व नसते. मुंबईत तीन पिढ्या काढलेल्या माणसालाही पणजोबांचे गाव आठवावे लागते, कारण वही गावावर लावलेली असते. गाव कळले की तो कोणत्या उपाध्यांचा यजमान हे ठरते, आडनाव कळले की वही ठरते, आणि मग लांबट पानांवरून बोट फिरू लागते. जुन्या पानांवर मोडी असते: आधी पानभर ओढलेली आडवी रेघ आणि तिला लटकलेली, शक्यतो हात न उचलता बोरूने काढलेली अक्षरे. लेखाचा साचाही ठरलेला. लिहून देणाऱ्याचे नाव, बाप, आजा, पणजा, मग चुलते, भाऊ, मुलगे, पुतणे. कोणाचे कार्य करायला आलो ते. शके, महिना, तिथी. आणि शेवटी ‘दस्तुर खुद्द’, म्हणजे हे अक्षर माझे स्वतःचे. ज्याला लिहिता येत नसे त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी लिहावे आणि खाली त्याची निशाणी उमटावी, ही तर जुन्या कागदांची सर्वत्रचीच रीत. कुणब्याची निशाणी नांगर, ती अशीच आलेली. पंधरा-वीस ओळींत एक घर मावते. पुढच्या वेळी मुलगा किंवा नातू आला, की त्याच लेखाच्या आधाराने पुढचा लेख.

या वह्या टिकल्या कशा, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. जुना कागद चिवट होता, शाई पक्की होती, हे खरे. पण नदीकाठची ओल, पावसाळा, वाळवी आणि कसर यांच्यापुढे चांगल्या कागदाचाही फार काळ निभाव लागत नाही. वह्या टिकल्या त्या नक्कल केल्यामुळे. जीर्ण झालेली वही नव्या वहीत उतरवून घ्यायची, हा या व्यवसायातला जुना रिवाज, आणि त्यासाठी लागणारे सामान कोणत्याही बाजारपेठेत मिळे: कागद, शाई, सूत, कापडाची बांधणी. कुठल्या एका कारखान्यावर, एका कारागिरावर किंवा एका परवान्यावर काही अडलेले नव्हते. शिवाय एकाच घराण्याचे लेख अनेक ठिकाणी असत. नाशिक-त्र्यंबकला एक, पंढरपूरला एक, ज्यांना काशी-प्रयाग-गया घडली त्यांचे तिथेही. एका ठिकाणी आग लागली तरी घराण्याची नावे सगळीच्या सगळी जात नसत. आणि वही हे पोटापाण्याचे साधन असल्यामुळे तिची काळजी घेणारा माणूस पिढ्यान् पिढ्या तिच्याजवळ बसलेला होता. यजमान आणि वह्या ही वडिलोपार्जित मिळकतच. भावाभावांत घर वाटावे तशी तिचीही वाटणी होई.

माझे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे. घराण्यांच्या नोंदी टिकतात त्या त्यांची नक्कल स्वस्तात, सहज आणि कोणाचीही परवानगी न घेता करता येते तोवर. हे जोवर शक्य होते तोवर गरिबाच्या घराचीही वंशावळ वाचली. जिथे हे थांबले तिथे श्रीमंत संस्थेचा संग्रहही मुका झाला. त्यामुळे आज गावकीच्या, भावकीच्या किंवा समाजाच्या नोंदी संगणकावर आणायच्या तर जुन्या लॅपटॉपवर चालणारे, फुकट मिळणारे, आतून उघडे असलेले सॉफ्टवेअर हे नाइलाजाने पत्करायचे दुय्यम साधन ठरत नाही. वहीच्या परंपरेशी जुळणारे साधन तेच आहे. गेल्या शतकभरात या नोंदी दुसऱ्या साधनांत उतरवण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास हेच सांगतो.

आधी या नोंदींचे मोल कोणाला किती कळले ते पाहू. इतिहास म्हणजे राजांचे कागद, असे मानण्याच्या काळातही वि. का. राजवाडे घरोघरचे दफ्तर उघडायला लावत हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. तीर्थक्षेत्रांतल्या वह्यांचे सर्वांत लख्ख उदाहरण मात्र उत्तरेकडचे आहे. कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी पहाडी चित्रकारांची कुळे हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांतून शोधून काढली. तोवर ही चित्रे संस्थानांच्या नावाने ओळखली जात: गुलेर, बसोहली, कांगडा. चित्रे काढणारे बहुतेक निनावी होते. गोस्वामींनी पंड्यांच्या वह्यांतले लेख जुळवून पंडित सेऊ, त्याचे मुलगे मानकू आणि नैनसुख आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या अशी मांडणी केली, आणि चित्रशैली दरबारापेक्षा घराण्याबरोबर चालते, असा निष्कर्ष १९६८ साली मुंबईच्या ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडला. आपला आश्रयदाता बलवंत सिंह याच्या अस्थी घेऊन १७६३ साली हरिद्वारला गेलेल्या नैनसुखाने वहीत लेख तर लिहिलाच, त्याबरोबर एक चित्रही काढून ठेवले. एका कारागिराने उपाध्याच्या वहीत केलेल्या नोंदीने भारतीय कलेच्या इतिहासाची मांडणी बदलली. राजाच्या दफ्तरात अशा माणसाचे नाव आलेच तर चाकर म्हणून येते. बाप, भाऊ आणि मुलगे यांच्यासह ते येते फक्त अशा वहीत.

महाराष्ट्रात या नोंदींचे दुसरे रूप म्हणजे छापील कुलवृत्तान्त. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपटे, गोखले, पेंडसे अशा चित्पावन घराण्यांचे कुलवृत्तान्त एकामागून एक निघाले. त्यामागचे कष्ट थोर आहेत. छापील तक्ते गावोगावी टपालाने पाठवायचे, भरून आलेले ताडून पाहायचे, न आलेल्यांच्या दारी जायचे, गोत्र, मूळ गाव, शाखा आणि पिढीचा क्रमांक लावून प्रत्येकाचे चार ओळींचे चरित्र लिहायचे, आणि हे सगळे बहुधा निवृत्त माणसांनी पदरमोड करून. पण छापलेला वृत्तान्त छापल्या दिवसापासून जुना होऊ लागतो. वहीत पुढचा लेख पुढच्या पानावर येतो. पुस्तकात त्यासाठी नवी आवृत्ती काढावी लागते, पुन्हा मंडळ, पुन्हा वर्गणी, पुन्हा कोणीतरी दहा वर्षे देणारा. छपाईचा खर्च परवडणारी आणि सभासद शोधता येणारी घराणीच यात आली. ज्या समाजात नोकऱ्या आणि पत्ते स्थिर होते, त्याचेच वृत्तान्त निघाले, हा काही योगायोग म्हणता येणार नाही.

तिसरा प्रयत्न परदेशातून झाला. अमेरिकेतल्या युटा राज्यातील मॉर्मन पंथाला पूर्वजांच्या नावांचे धार्मिक महत्त्व आहे. त्यांच्या वंशावळ संस्थेने १९७७ पासून हरिद्वार आणि इतर तीर्थांतल्या वह्या मायक्रोफिल्मवर घ्यायला सुरुवात केली. काम प्रचंड होते आणि त्याबद्दल कृतज्ञ राहायला हवे, कारण यातल्या काही मूळ वह्या उद्या नसतील. पण मायक्रोफिल्म पाहायला यंत्र लागते, तिची प्रत काढायला प्रयोगशाळा लागते, आणि मुख्य म्हणजे वहीतला माणूस तिथे नसतो. गाव आणि आडनाव ऐकून पानापर्यंत नेणारी जी सूची उपाध्यांच्या डोक्यात असते, ती कॅमेऱ्यात येत नाही. पानाचे चित्र मिळाले म्हणजे नाव मिळाले, असे होत नाही. आज मोबाईलने वहीचे फोटो काढून ‘डिजिटायझेशन झाले’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा फरक लक्षात घ्यायला हवा. नावानिशी, गावानिशी सूची नसलेले दहा हजार फोटो म्हणजे कुलूप लावलेली खोली.

चौथा अनुभव आपल्या घरचाच आहे. १९९० नंतर डीटीपी आले आणि कुलवृत्तान्त, समाजाच्या निर्देशिका, वधूवर सूचींसाठी गोळा केलेल्या घराण्यांच्या याद्या संगणकावर बसू लागल्या. पण त्या काळच्या मराठी फॉन्टांत अक्षराची ओळख फॉन्टपुरतीच असे. एका फॉन्टमधला ‘क’ दुसऱ्यात भलतेच चिन्ह होई. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, पण सर्वसाधारण संगणकावर मराठी युनिकोड आले ते विंडोज २००० बरोबर, र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या मंगल फॉन्टसह. आणि छापखान्यांच्या सवयीत ते मुरायला आणखी बराच काळ गेला. मधल्या काळात बसलेल्या मजकुराच्या किती तरी फाईली आज उघडल्या तर नुसती रोमन अक्षरांची गिचमिड दिसते. दोनशे वर्षांपूर्वीचे मोडी पान वाचणारा माणूस सापडतो आणि पंचवीस वर्षांपूर्वीची फाईल वाचता येत नाही, ही गोष्ट मनाला लागते. अक्षर जेव्हा कोणा एकाच्या मालकीच्या सांकेतिक रचनेत अडकते, तेव्हा नक्कल उतरवणारा हात लुळा पडतो. वंशावळीच्या सॉफ्टवेअरांचीही हीच कथा. मॉर्मन पंथानेच फुकट वाटलेला ‘पर्सनल ॲन्सेस्ट्रल फाईल’ हा प्रोग्रॅम २०१३ साली बंद झाला. ‘फॅमिली ट्री मेकर’ या लोकप्रिय प्रोग्रॅमची विक्री थांबवत असल्याचे त्याच्या कंपनीने २०१५ च्या डिसेंबरात जाहीर केले आणि पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कंपनीकडे गेला. दोन्ही वेळा लोकांच्या नोंदी वाचल्या, त्या गेडकॉममुळे.

गेडकॉम हा वंशावळीची देवाणघेवाण करण्याचा साचा मॉर्मन पंथाने १९८४ साली आणला. तो आतून अगदी साधा आहे. फाईल कोणत्याही साध्या संपादकात उघडते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पायरीचा आकडा असतो. शून्य म्हणजे नवा माणूस किंवा नवे कुटुंब, एक म्हणजे त्याचे नाव, जन्म, मृत्यू, दोन म्हणजे त्या जन्माची तारीख आणि ठिकाण. पुढे नवरा कोण, बायको कोण, मुले कोणती हे क्रमांकांनी जोडलेले. उपाध्यांच्या लेखासारखाच ठरीव साचा, आणि म्हणूनच कोणालाही उतरवता येणारा. याच साच्यातून नोंदी घेऊ आणि देऊ शकणारा ‘ग्रॅम्प्स’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प डॉन ॲलिंगहॅम यांनी २००१ साली सुरू केला आणि आज तो जगभरचे स्वयंसेवक चालवतात. तो पायथन भाषेत लिहिलेला आहे, त्याची संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी असा त्याचा परवाना आहे, लिनक्स घातलेल्या जुन्या संगणकावर तो चालतो आणि इंटरनेटशिवाय चालतो. आपल्या सगळ्या नोंदी तो एक्सएमएल या मजकूररूपी साच्यात बाहेर देतो, म्हणजे उद्या ग्रॅम्प्स उरला नाही तरी ती फाईल डोळ्यांनी वाचता येईल. ज्या गावात वीज दिवसातून काही तास असते आणि मोबाईलची रेंज गच्चीवर मिळते, तिथे हे गुण चैनीचे नाहीत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ही साधने परक्यांनी परक्या घरांसाठी घडवली. आपली नाती, आपल्या तिथ्या त्यांत बसतात कुठे? याचे उत्तर तपशिलात द्यायला हवे, कारण अडचण तपशिलातच आहे. सर्वांत मोठी अडचण कालगणनेची. ग्रॅम्प्सला ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू, फ्रेंच क्रांतीचे, इराणी, इस्लामी पंचांग कळते. शालिवाहन शक कळत नाही. वहीतला ‘शके १७०५’ पाहून कोणी तारखेच्या रकान्यात नुसते १७०५ भरले, तर तो पूर्वज अठ्ठ्याहत्तर वर्षे मागे जातो आणि आपल्या आजोबांच्या आधी जन्मलेला दिसू लागतो. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन काढले, तरी पौषाच्या आसपास इंग्रजी वर्ष बदलत असल्याने पुढच्या महिन्यांना एकोणऐंशी मिळवावे लागतात. त्याहून बारीक गोष्ट महिन्याची. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे आपली श्रावण वद्य अष्टमी ती काशीकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी. नाशिकच्या वहीतल्या आणि काशीच्या वहीतल्या वद्य पक्षाच्या नोंदींत महिन्याचे नाव वेगळे दिसले म्हणून दोन वेगळ्या घटना मानल्या, तर एका माणसाला दोनदा मरण येईल. मराठेशाहीच्या कागदांतला अरबी आकड्यांत सांगितलेला शुहूर सन आणखी निराळा. त्यात पाचशे नव्याण्णव किंवा सहाशे मिळवायचे.

यावर दोन वाटा आहेत. पहिली आजच्या आज चालणारी: ग्रॅम्प्समध्ये तारखेच्या जागी नुसता मजकूर ठेवता येतो, तेव्हा वहीत आहे तशी तिथी तिथे लिहायची, आणि काढलेले इसवी वर्ष ‘सुमारे’ अशा खुणेसह वेगळे नोंदवायचे. मूळ शब्द कधीही पुसायचा नाही. दुसरी वाट अधिक मोलाची. संहिता उघडी असल्याने शालिवाहन शकाचे गणित त्यात घालणे हे कोणा मराठी प्रोग्रॅमरला करता येण्याजोगे काम आहे, आणि ते एकदा झाले की सगळ्यांचे झाले. बंद सॉफ्टवेअरमध्ये ही उणीव कंपनीच्या कृपेवर राहते, आणि शक वापरणाऱ्यांची बाजारपेठ तिला पुरेशी वाटली तरच दूर होते. म्हणजे परकेपणाचा आक्षेप खरा असला, तरी तो उघड्या साधनाकडेच नेतो. अक्षरांच्या बाबतीत हे घडून गेले आहे. गेडकॉमच्या जुन्या आवृत्तीतल्या मूळ वर्णसंचात देवनागरीला जागाच नव्हती. नावे रोमन करून लिहावी लागत आणि ‘काळे’ व ‘काले’ एक होत. २०२१ साली आलेल्या सातव्या आवृत्तीत युनिकोडचा यूटीएफ-८ हा सर्व लिपी सामावणारा साचा सक्तीचा झाला.

नावांचे आणि नात्यांचे कोडे मात्र पंचांगापेक्षा नाजूक आहे. गेडकॉमला नाव म्हणजे पाळण्यातले नाव आणि आडनाव एवढेच दिसते. मधले बापाचे किंवा नवऱ्याचे नाव कुठे ठेवायचे हे आपण ठरवून सर्वत्र तसेच पाळावे लागते. स्त्रियांचे दुहेरी अवघड. लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे कल्याणच्या जोशांची यमुना आनंदीबाई जोशी होते, कुर्लेकरांची यमुना रमाबाई रानडे होते. माहेरच्या वंशावळीत एक नाव, सासरच्या वंशावळीत दुसरे, आणि दोन्ही वृत्तान्त छापलेले असले तरी ती एकच बाई आहे हे कुठेच लिहिलेले नसते. तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पुरुषांची साखळी म्हणूनच लिहिलेल्या. इथे संगणकाची नोंद वहीच्या पुढे जाऊ शकते: एका व्यक्तीला जन्माचे आणि लग्नानंतरचे अशी हवी तितकी नावे जोडता येतात, आणि तीच व्यक्ती दोन घराण्यांत एकदम उभी राहते. हे घडले की झाडाला जाळ्याचे रूप येते, आणि मराठी गावांचे खरे चित्र तेच होते. सोयरिकी तालुक्याच्या आतबाहेर ठरावीक अंतरात होत. दत्तकाचेही तसेच. आपल्याकडे दत्तक ही घरगुती बाब नव्हती, १८४८ ला सातारा आणि १८५४ ला झाशी व नागपूर याच मुद्द्यावर खालसा झाली. ग्रॅम्प्समध्ये मुलाचे नाते औरस की दत्तक हे लिहिता येते आणि जन्मदात्या कुटुंबाशीही त्याला जोडून ठेवता येते. छापील वंशवृक्षात बहुधा एक फांदी दुसऱ्या फांदीला तुटक रेघेने चिकटवतात आणि पुढच्या आवृत्तीत ती तुटक रेघ सरळ होऊन जाते. गोत्र, कुलदैवत, देवक, मूळ गाव यांसाठी हवे ते रकाने आपण स्वतः तयार करू शकतो.

दुसरा आक्षेप सोयीचा. मोठ्या कंपन्यांची वंशावळीची संकेतस्थळे आहेत, मोबाईलवर चालतात, भराभर नाती जुळवून दाखवतात; कशाला जुन्या लॅपटॉपशी झटापट? सोय खरी आहे, आणि एका घरापुरता कोणी तो मार्ग घेतला तर त्यात वावगे नाही. पण भावकीच्या चारशे घरांची नोंद वेगळी असते. त्यात जिवंत माणसांचे जन्मदिनांक, पत्ते, लग्ने, घटस्फोट, आजारांनी झालेले मृत्यू येतात. वहीतही घराची माहिती असायची आणि तरी ती उघड नसायची, कारण यजमानाने आपला लेख पाहायचा अशी मर्यादा उपाध्ये सांभाळत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने घरगुती वापराला मोकळीक दिली आहे, पण समाजाच्या मंडळाने शेकडो लोकांची माहिती गोळा करणे घरगुती म्हणता येईल का, हे प्रत्येक मंडळाने जपून पाहावे. आपल्या कपाटातल्या संगणकावर असलेल्या नोंदीत नोंद ‘खाजगी’ ठरवता येते आणि बाहेर देताना जिवंत माणसे गाळता येतात. दुसऱ्याच्या संगणकावर असलेल्या नोंदीत मर्यादा त्याच्या अटींनी ठरते, आणि अटी बदलतात.

याला जोडून उपाध्यांच्या पोटाचा प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. वही ही त्यांची मिळकत. तिची नक्कल फुकट फिरू लागली तर यजमान येईल कशाला? त्यांच्या संमतीवाचून पानांचे फोटो काढून पसरवणे मला अन्याय्य वाटते. पण यजमान वही पाहायला येतो तो क्रियाकर्मासाठी आल्यावर, माहितीचे दुकान म्हणून नाही; आणि सूची उपाध्यांच्याच हाती, त्यांच्याच संगणकावर राहिली तर त्यांचे काम सोपे होते. त्यांच्या मुलांपैकी किती जण मोडी वाचतात, हा त्यांच्याही चिंतेचा विषय आहे. हलके, इंटरनेट न मागणारे साधन इथे उपयोगी पडते ते याचसाठी: वही घराबाहेर न जाता तिची नक्कल घरातच तयार होते.

सर्वांत गंभीर आक्षेप तिसरा. वंशावळी जपणे म्हणजे जात जपणे. कशाला हा खटाटोप नव्या साधनांनी ताजा करायचा? कुलवृत्तान्तांत कुलाभिमान ओसंडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नोंदी न ठेवल्याने जात जात नाही, फक्त ज्याच्याकडे कागद नाही तो हरतो. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांच्या आधीचा पुरावा दाखवावा लागतो. ज्यांना गावात जमीन नव्हती, शाळेत नाव नव्हते, वस्ती दर हंगामाला हलत होती, त्यांनी हा कागद आणायचा कुठून? २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधायला नेमली गेली, तेव्हा गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, निजामकाळातली उर्दू कागदपत्रे, मोडीतली महसुली पत्रके धुंडाळावी लागली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. ज्या कागदांची सूची कधी केली नव्हती त्यांची घाईने सूची करावी लागली. दक्षिण महाराष्ट्रात बैल घेऊन गावोगाव फिरणारे हेळवी मराठा, लिंगायत आणि इतर घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवतात आणि चोपड्यांत लिहितात. त्यांचे स्वतःचे घर मात्र कोणाच्या चोपडीत नसते. म्हणून या कामाची सुरुवात ज्यांचा वृत्तान्त कधी छापला गेला नाही त्यांच्यापासून व्हावी. त्यांच्याकडे वर्गणी नाही, छापखाना नाही, मासिक शुल्क भरायला पैसा नाही, पण एखादा जुना संगणक आणि बोलणाऱ्या आज्या आहेत.

आजीने सांगितलेली पिढी ही पुरावा म्हणून कोतवाल बुकाच्या बरोबरीने बसणार नाही, हे आधीच सांगायला हवे. तरी कायद्याला ती अगदी परकी नाही: १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या कलम ३२ ने मृत व्यक्तींनी नात्यांविषयी केलेली विधाने आणि कुटुंबाच्या वंशावळी विचारात घेण्याची सोय केली होती, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती पुढे आली आहे. अशा विधानाचे वजन ते कोणी, कधी, वाद उत्पन्न होण्यापूर्वी केले का, यावर ठरते. म्हणजे नुसती नावे लिहून भागत नाही, सांगणाऱ्याचे नाव आणि दिवस लिहावा लागतो. आणि ग्रॅम्प्समध्ये नेमकी हीच शिस्त आहे. प्रत्येक नोंदीला तिचा आधार जोडता येतो, वहीचे पान किंवा सांगणारी व्यक्ती, आणि त्या आधारावर विश्वास किती हेही पाच पायऱ्यांत सांगता येते. वाचता न आलेले मोडी अक्षर ‘बहुधा राघो’ म्हणून ठेवता येते. ‘राघो’ असे ठाम लिहून पुढच्या पिढीला फसवायची गरज नाही.

मोडीचे यांत्रिक वाचन अजून या कामाला पुरेसे भरवशाचे नाही. मोडीला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २०१४ साली मिळाली, म्हणजे ती आता संगणकावर लिहिता येते. पण बोरूच्या घाईत काढलेले, शेजारच्या अक्षरात मिसळलेले, प्रत्येक हाताचे निराळे वळण असलेले अक्षर ओळखायला माणूसच लागतो. मुक्त अक्षरवाचक टेसेरॅक्ट छापील मराठी पाने बऱ्यापैकी वाचतो, त्याचा उपयोग जुने कुलवृत्तान्त उतरवायला होईल. वहीसमोर मात्र मोडी जाणणारा एक आणि टंकलेखन करणारा एक अशी जोडी बसवावी लागेल, एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने लिहायचे. नव्या वहीत जुनी वही उतरवताना घरोघर हेच होत असे. फाईलच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या घरांत, वर्षाकाठी एक छापील प्रत, आणि आधाराच्या रकान्यात वाचणाऱ्याचे आणि उतरवणाऱ्याचे नाव, दिनांकासह. जुन्या लेखाच्या शेवटी ‘दस्तुर खुद्द’ येई, त्याच जागी.